आप्पांच्या ३५ लाइटी आणि मधले दिवस

वाचक भगिनीचं पत्र: डॉक्टर, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातली. माझ्या आप्पांना (वय ६१) स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला, मानेतल्या गाठींतही उतरलाय म्हणाले. बेळगावात लाइट (रेडिएशन) चालू आहे. ३५ सांगितल्यात, १७ झाल्या. दोन दिवस मशीन बंद होतं, दोन दिवस ओढ्याला पाणी आलं म्हणून गाडीच आली नाही. आता घसा इतका सोललाय की आप्पा म्हणतात, पंधरा दिवस थांबू, रोप लावणी उरकू, मग राहिलेल्या घेऊ. मामा म्हणतो, मशीनवर दोन मिनिटं लागतात, त्याला ३५ हेलपाटे कशाला? एकदम का देत नाहीत? शेजारच्या वहिनींच्या स्तनाच्या कॅन्सरचं तर पाच दिवसांत आटपलं. आमच्या काकूंना गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी आतून लाइट दिली. पहिल्यांदा ८ मिनिटं लागली आणि तीन आठवड्यांनी शेवटच्या वेळी जवळजवळ १०. जास्त तर दिली नसेल ना? पूर्वी म्हणे बायकांना दोन-दोन दिवस झोपवून ठेवायचे. तिथं गर्दीत विचारायला धीर होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी दोन ओळींत कळवलं होतं की आप्पांची लाइट थांबवू नका. का ते आज सविस्तर लिहिते. निपाणीपासून खानापूरपर्यंत घराघरांत हेच विचारलं जातं आणि ओपीडीच्या रांगेत त्याचं उत्तर मिळत नाही.

मामांचा प्रश्न आधी घेते, कारण तो चांगला प्रश्न आहे. शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही तोच पडला होता. तेव्हा अनेकांनी मोठा डोस एकदमच देऊन पाहिला. गाठ विरघळायची, पण काही महिन्यांनी वरची कातडी आणि खालचं हाडही जायचं. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडक्यांवर प्रयोग केले. एडक्याच्या वृषणात शुक्रपेशी सतत, भराभर तयार होत असतात, म्हणून वृषण त्यांनी गाठीच्या जागी धरलं आणि त्यावरची कातडी निरोगी अवयवाच्या जागी. एकाच वेळी क्ष-किरण देऊन एडका निर्बीज करायला गेलं की कातडी जळायची. तेच किरण काही दिवसांत वाटून दिले तेव्हा एडका निर्बीज झाला आणि कातडी टिकली. त्याच संस्थेत आंरी कुतार यांनी ही पद्धत घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरवर आणली. आप्पांना आज बेळगावात जे मिळतंय, त्याचं मूळ तिथं आहे.

असं का होतं? आपल्याकडे याला कुणी लाइट म्हणतं, कुणी शेक, कुणी करंट. शेक हा शब्द मात्र फसवा आहे. आप्पांना एका वेळी बहुधा २ ग्रे डोस मिळत असेल (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं माप). एवढ्या डोसानं शरीराचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढंही वाढत नाही. किरण भाजत नाहीत, ते पेशीतला डीएनए तोडतात. एका ग्रेमागे प्रत्येक पेशीच्या डीएनएमध्ये सुमारे हजार ठिकाणी एक धागा तुटतो आणि २० ते ४० ठिकाणी दोन्ही धागे एकदम तुटतात. एक धागा तुटला तर पेशी तो सहज जोडते. दोन्ही तुटले की जोडणं अवघड होतं, चुकीचं जोडलं जातं, आणि पुढं विभागायला गेली की ती पेशी मरते. म्हणून लाइट दिल्या दिवशी गाठ लहान होत नाही, परिणाम दिवसांनी आणि आठवड्यांनी दिसतो.

१९५९ मध्ये एल्काइंड आणि सटन या दोघा संशोधकांनी बशीत वाढवलेल्या पेशींवर एक साधी गोष्ट दाखवली. डोस एकदम दिला तर जितक्या पेशी वाचतात, त्यापेक्षा तोच डोस दोन भागांत, मध्ये काही तासांचं अंतर ठेवून दिला तर जास्त वाचतात. मधल्या वेळेत पेशी दुरुस्ती करून घेतात. मग वाटून देण्यात गाठीचाच फायदा नाही का? थोडा होतो. पण निरोगी अवयवांचा, त्यातही पाठीचा मणका (म्हणजे त्यातला मज्जारज्जू), जबड्याचं हाड, स्वरयंत्राची कूर्चा अशा सावकाश वाढणाऱ्या अवयवांचा फायदा त्याहून कितीतरी मोठा असतो. सगळा उपचार या फरकावर उभा आहे.

मामांना आकडे आवडत असतील तर हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. आम्ही डॉक्टर जे सूत्र वापरतो त्यात गाठीसाठी एक गुणांक असतो आणि सावकाश बिघडणाऱ्या अवयवांसाठी दुसरा. एका वेळच्या लाइटीला आम्ही सिटिंग म्हणतो. २ ग्रेच्या ३५ सिटिंग म्हणजे ७० ग्रे. गाठीवर तितकाच परिणाम एका फटक्यात हवा असेल तर साधारण २४ ग्रे पुरतील. ऐकायला स्वस्त वाटतं. पण त्याच सूत्रानं मणक्यावर आणि हाडावर होणारा परिणाम मोजला तर ३५ सिटिंगमध्ये तो ११७ येतो आणि एकदम दिल्यावर २२३. म्हणजे गाठीला तेवढाच मार आणि शेजारच्या अवयवांना जवळजवळ दुप्पट. इतक्या मोठ्या एकाच डोसाला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा हीच राहते. हे नुकसान आज दिसत नाही, वर्षा-दोन वर्षांनी दिसतं, आणि भरून येत नाही.

दुसरं कारण आप्पांना जास्त पटेल, कारण ते शेतकरी आहेत. पहिल्या भांगलणीत सगळं तण निघतं का? उगवून वर आलेलं हाताला लागतं, मातीतलं बी राहतं, ते आठ दिवसांनी वर येतं आणि पुन्हा भांगलावं लागतं. गाठीतल्या पेशींचंही तसंच आहे. विभागायच्या बेतात असलेली पेशी किरणांना लवकर बळी पडते, डीएनएची नक्कल पूर्ण होत आलेली पेशी सर्वांत चिवट असते. आज निसटलेली चार दिवसांनी नाजूक अवस्थेत येते आणि तेव्हाच्या सिटिंगमध्ये सापडते. शिवाय गाठीच्या आत रक्तवाहिनीपासून केसाच्या एक-दोन जाडीपलीकडच्या पेशींना प्राणवायू पुरत नाही, आणि प्राणवायूविना असलेली पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. बाहेरच्या पेशी गळत जातात तसा आतल्यांना प्राणवायू पोचतो आणि त्याही मरण्याजोग्या होतात. एकदम दिलं तर नेमक्या ह्याच आतल्या पेशी मागं राहतात. रोज थोडं थोडं देण्यात वेळकाढूपणा नाही, ते मधले दिवस काम करत असतात.

आता आप्पांचे पंधरा दिवस. यावर मी जास्त लिहिणार आहे.

एक घन सेंटीमीटरच्या, म्हणजे बोराएवढ्या गाठीत ढोबळमानानं १०० कोटी पेशी असतात. समजा प्रत्येक सिटिंगला निम्म्या मरतात. दहा सिटिंगनंतर दहा लाख उरतात. तेवढ्या डोळ्याला दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, घरचे म्हणतात गाठ गेली. १७ नंतर साडेसात हजार. ३० नंतर सरासरी एक. आणि ३५ नंतर शंभरातल्या तीनेक रुग्णांतच एखादी शिल्लक. ३० वर थांबलं तर दहापैकी सहा जणांत निदान एक तरी राहून जाईल, आणि गाठ परत उभी राहायला एक पुरते. हा कागदावरचा हिशेब आहे, आप्पांची गाठ याच मापानं चालेल असं मी म्हणत नाही. पण शेवटच्या सिटिंग पहिल्यांइतक्याच मोलाच्या का आहेत, हे त्यातून कळतं.

आणि या उरलेल्या पेशी स्वस्थ बसत नाहीत. मार बसू लागल्यावर त्या आधीपेक्षा भराभर वाढायला लागतात. घशाच्या कॅन्सरमध्ये हा वेग सुमारे चौथ्या आठवड्यानंतर वाढतो. विदर्स या डॉक्टरांनी १९८८ मध्ये शेकडो रुग्णांच्या नोंदी तपासून मांडलं की त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला सुमारे ०.६ ग्रे नुसते ही नवी वाढ भरून काढण्यात खर्च होतात. आप्पा आज नेमके चौथा आठवडा ओलांडून उभे आहेत. पंधरा दिवस म्हणजे ९ ग्रे. साडेचार सिटिंग पाण्यात. सोसलेलं सोसलेलंच राहील आणि त्याचं फळ मात्र जाईल. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला की गाठ आटोक्यात येण्याची शक्यता सरासरी १ ते १.४ टक्क्यानं घटते, असं पुढं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

घसा सोलला आहे हे मला कळतं. ताई, घशाचं अस्तरही भराभर वाढणाऱ्या पेशींचं असतं, म्हणून तिसऱ्या आठवड्यात ते सोलतं आणि त्याच गुणामुळं उपचार संपल्यावर काही आठवड्यांत भरून येतं. पण विश्रांती दिली तर ती अस्तरालाही मिळते आणि गाठीलाही. वेगळी देता येत नाही.

मी नवी डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. सीमाभागातल्याच एका गावचे गृहस्थ, २० सिटिंग झालेल्या, घरी मुलीचं लग्न. त्यांनी हात जोडून दोन आठवडे मागितले. गाठ दिसेनाशी झाली होती, मला नाही म्हणवलं नाही. ते परत आले, राहिलेल्या सिटिंग पूर्ण केल्या, पेढे दिले. आठ महिन्यांनी गाठ त्याच जागी परत आली. त्या सुट्टीमुळंच आली असं कुणी सिद्ध करू शकणार नाही, पण मला आजही ते पेढे आठवतात. तेव्हापासून कुणी सुट्टी मागितली की मी खुर्चीवर बसवते आणि हा सगळा हिशेब सांगते, मागे कितीही रांग असली तरी.

गेलेल्या चार दिवसांचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण ते विचारायला हवं. ते भरून काढता येतात. एखाद्या शनिवारी जादा सिटिंग देता येते, किंवा एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन देता येतात, मात्र मध्ये निदान सहा तास हवेत, निरोगी पेशींना दुरुस्ती करता यावी म्हणून. डेन्मार्कमध्ये आठवड्याला पाचऐवजी सहा सिटिंग देऊन पाहिल्या, डोस तोच. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात पाच वर्षांनी गाठ आटोक्यात राहिलेले रुग्ण ६० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेले. फरक फक्त एका आठवड्याचा होता. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "चार दिवस चुकलेत, ते कसे भरून काढणार?" हा प्रश्न उद्धट नाही. आप्पांना केमोही चालू असेल किंवा घसा फारच बिघडला असेल तर ते वेगळं ठरवतील, आणि तो निर्णय त्यांचाच.

मशीनवरच्या दोन मिनिटांबद्दल थोडं. पेशीची दुरुस्ती चालते तासांच्या हिशेबानं. म्हणून २ ग्रे एका मिनिटात दिले की तीन मिनिटांत, यानं फरक पडत नाही. कोबाल्टच्या मशीनवर जास्त वेळ लागतो, आणि स्रोत जुना होईल तसा आणखी लागतो, कारण कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते. डोस तेवढाच असतो. रांगेतले लोक "त्याला जास्त वेळ ठेवलं" म्हणून घाबरवतात, त्यांच्याकडं लक्ष देऊ नका.

काकूंचंही तेच उत्तर. आतून लाइट देतात ती बहुतेक ठिकाणी इरिडियमच्या तांदळाएवढ्या दाण्यानं. इरिडियमची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते, म्हणजे तीन आठवड्यांत सुमारे १८ टक्के कमी. पहिल्या वेळी ८ मिनिटांत जेवढा डोस मिळाला, तेवढाच मिळायला तीन आठवड्यांनी पावणेदहा मिनिटं लागतात. तुम्ही मोजलेली वेळ त्याच्याशी जुळते. काकूंना सांगा, हिशेब बरोबर आहे.

दोन-दोन दिवस झोपवून ठेवायचे तेही खरं आहे. तेव्हा रेडियम किंवा सिझियम वापरत, आणि डोस तासाला अर्धा ते दोन ग्रे अशा संथ गतीनं मिळायचा. इथं मात्र वेग महत्त्वाचा ठरतो. किरण संथ पडत असतील तर पेशी मार खाता खाताच दुरुस्ती करत राहते, निरोगी पेशी त्यात पुढं असते, आणि दोन दिवसांचा तो अखंड उपचार म्हणजे जणू असंख्य बारीक सिटिंगच. इरिडियमचा वेग तासाला १२ ग्रेच्या वर असतो, मिनिटांत काम होतं, त्यामुळं दुरुस्तीला सवड उरत नाही. ती सवड मग सिटिंग वाटून, मध्ये दिवस सोडून द्यावी लागते. म्हणून काकूंना तीन-चार वेळा जावं लागलं. नवी पद्धत जुनीपेक्षा कमजोर नाही, आणि बाईला मूत्रनळी लावून, कूस न बदलता दोन दिवस पडून राहावं लागत नाही हे केवढं मोठं आहे. काकूंच्या आजारातही बाहेरची आणि आतली मिळून सगळी लाइट आठ आठवड्यांत संपावी लागते.

शेजारच्या वहिनींचं पाच दिवसांत झालं, तेही चुकीचं नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत स्तनाच्या कॅन्सरसाठी एका आठवड्यात ५ सिटिंगमध्ये २६ ग्रे हे तीन आठवड्यांतल्या १५ सिटिंगइतकंच गुणकारी ठरलं. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी मोठ्या डोसाला तुलनेनं जास्त दाद देतात. मेंदूतल्या किंवा फुप्फुसातल्या अगदी लहान गाठीला एक ते पाच सिटिंगमध्ये मोठा डोस देता येतो, कारण नेम तेवढा अचूक धरता येतो. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेला ८ ग्रेची एकच सिटिंग पुरते, तिथं मी स्वतः कुणाला दहा हेलपाटे घालायला लावत नाही. स्वरयंत्रापुरतीच लहान गाठ असती तर आप्पांनाही रोज थोडा मोठा डोस देऊन २८ सिटिंगमध्ये उरकता आलं असतं. पण त्यांची मानेतही उतरली आहे, सगळ्या मानेला लाइट द्यावी लागते आणि मधोमध मणका आहे.

आता घरातलं. आप्पा विडी ओढत असतील तर ती आजपासून बंद. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो, आणि प्राणवायू कमी म्हणजे लाइटीचा जोर कमी, हे वर लिहिलंच आहे. हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं ते फाइलमध्ये बघा. मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं दिवसातून सहा-सात वेळा गुळण्या करायला लावा. तिखट पूर्ण बंद, आमटीचा नुसता ठसकासुद्धा नको. नाचणीची आंबील गार करून, गुरगुट्या भात दूध घालून, पातळ शिरा, मऊ उकडलेलं अंडं असं दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. जेवणाच्या अर्धा तास आधी दुखणं कमी करणारं औषध मागून घ्या. गिळताच येत नसेल तर नाकातून नळी घालतात, तिला घाबरू नका. ती काही आठवड्यांची सोय असते आणि तिच्यामुळं सिटिंग चुकत नाही. वजन दर सोमवारी लिहून ठेवा. फार उतरलं तर लाइट देताना मान हलू नये म्हणून बसवतात ती जाळी सैल होते आणि नेम हलतो, ते लगेच सांगायला हवं.

रोप लावणी यंदा पैऱ्यानं करून घ्या. भावकीला सांगा, लोक येतात. आणि पावसाचे हे दिवस जांबोटीहून ये-जा करू नका. उरलेले चारेक आठवडे बेळगावात कुणा पाहुण्याकडं राहता आलं तर बघा, नाहीतर रुग्णालयातल्या समाजसेवकांना विचारा, रुग्णांना स्वस्तात राहायची सोय त्यांना माहीत असते.

एक इशारा मात्र देते. आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राची आरोग्य योजना लागू करायचं २०२३ मध्ये ठरलं, तेव्हापासून मध्येच कोल्हापूरला किंवा मिरजेला हलवायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. उपचार सुरू करायच्या आधी तो विचार जरूर करावा. अर्ध्यात नाही. नव्या ठिकाणी पुन्हा सीटी, पुन्हा जाळी, पुन्हा आखणी, त्यात आठ-दहा दिवस सहज जातात, आणि ते दिवस कशाचे आहेत हे आता तुम्हाला माहीत आहे.

विचारायला धीर होत नाही म्हणता, तर एका कागदावर मराठीत लिहून न्या: किती सिटिंग झाल्या, कोणत्या तारखा चुकल्या, चुकलेल्या कशा भरणार, शेवटची तारीख कोणती. कागद फाइलच्या वरच लावा आणि सोमवारी सिटिंगच्या आधी डॉक्टरांच्या हातात द्या. त्यांनी शेवटची तारीख काय सांगितली, ते मला कळवा.